डोळ्याखालची जखम

कप्तानच्या डाव्या डोळ्याखालची जखम पुन्हा उघडली होती. काल संध्याकाळी तिच्यावर खपली धरलेली श्यामकांत तळपद्यांनी स्वतः पाहिली होती. आज सकाळी तिथून पिवळसर पू गालावर ओघळला होता आणि त्यात केस चिकटून बसले होते. मागच्या गॅलरीत, कुत्र्याच्या गोणपाटाजवळ, मुठीत मावेल एवढा एक काळा दगड पडला होता. श्यामकांतांनी तो उचलला. दगड ओलसर लागला. मार्च उजाडला तरी पहाटेचे दव पडते तर, असे त्यांच्या मनात येऊन गेले. पहाटे अर्धवट झोपेत त्यांना खालच्या बिऱ्हाडातल्या राधाबाईच्या जात्याची घरघर ऐकू आली होती. म्हणजे खालची मंडळी त्या वेळी जागी होती. त्यांनी दगड आत नेला आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला. आधीच्या दगडांवर तो खणकन आपटला.

“आणखी एक?” सुमतीबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारले.

“आणखी एक.”

“अहो, एवढे दगड येतात, तर आपली एकही काच कशी फुटली नाही?”

“नेम काचेवर नाहीच. ह्याच्यावर आहे.” त्यांनी कुत्र्याकडे बोट दाखवले. “दगड बघ, सगळे एका मापाचे. भिरकवायला नेमके.”

सुमतीबाई कप्तानपुढे वाकल्या आणि लगेच त्यांनी पदर नाकाला लावला. “तोंडाला किती घाण वास येतो हो ह्याच्या! पूर्वी असा येत नव्हता.”

“जखम चिघळली की वास यायचाच,” श्यामकांत म्हणाले आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

भोईवाड्याच्या गल्लीतले हे एकमजली घर श्यामकांतांच्या आजोबांनी बांधलेले. पाठारे प्रभूंच्या ज्या घराण्यांच्या एके काळी परळात वाड्या आणि बागा होत्या, त्यांतले तळपद्यांचे एक. वाड्या गेल्या, बागा गेल्या, घर तेवढे राहिले. श्यामकांत सचिवालयात हेडक्लार्क होते. वरच्या मजल्यावर ते, सुमतीबाई आणि आठ वर्षांचा, निम्मा अल्सेशियन असलेला कप्तान राहत. खाली दत्ताराम परब आणि त्याची आई राधाबाई यांचे बिऱ्हाड होते. दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवी. राधाबाईने श्यामकांतांना शाळेत जाताना पाहिलेले, म्हणून ती त्यांना अजून ‘बाबा’ म्हणे. कप्तान पिल्लू असल्यापासून दुपारी तिच्या दाराशी बसत आला होता.

हे सगळे गेल्या नोव्हेंबरापर्यंत ठीक होते. मुंबई महाराष्ट्रातच असली पाहिजे असे श्यामकांतांनाही मनापासून वाटे. पण त्यासाठी पुकारलेल्या हरताळाच्या दिवशी ते पहाटेच घरातून निघाले आणि चालत फोर्टात जाऊन पोचले. हजेरी लावणे हा सरकारी नोकराचा धर्म, असे त्यांनी स्वतःला वाटभर सांगितले. संध्याकाळी परतले तेव्हा दत्ताराम ओट्यावर बसला होता. तो एवढेच म्हणाला, “मालक, आज पाय दुखले असतील.” त्या वाक्यात टोमणा होता की नुसती विचारपूस, हे श्यामकांतांना आजवर ठरवता आलेले नव्हते.

मग जानेवारी आला. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असे रेडिओने सांगितले आणि सगळे गिरणगाव रस्त्यावर उतरले. दगड, अश्रुधूर, गोळ्या, संचारबंदी. गल्लीच्या तोंडाशी नळाच्या कामासाठी खडीचा मोठा ढीग पडला होता; त्यातला बराचसा त्या दिवसांत रस्ताभर विखुरला आणि उरलेला मुकादमाने तळपद्यांच्या परसदाराबाहेर सरकवून ठेवला. दत्तारामला पोलिसांनी पकडून नेले आणि चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेऊन सोडले. पुन्हा त्याचे नाव आले तर तो आत जाणार आणि आत गेला की गिरणीतली नोकरी जाणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. तरीही आंदोलनाच्या नव्या समितीची पत्रके तो घरोघर वाटतच होता. तळपद्यांच्या दारात मात्र पत्रक पडत नसे. श्यामकांतांनी ते मागितले नसते, पण ते पडत नाही ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून जात नसे.

अशा वेळी कप्तानच्या डोळ्याखाली सूज आली. ती फुटली, वाळली, पुन्हा आली. गॅलरीत दगड सापडू लागले. एकदा तर गल्लीच्या टोकाला समितीची सभा झाली आणि दुसऱ्याच सकाळी जखम वाहू लागली. सभा नसतानाही ती वाहिली होती. पण ते दिवस श्यामकांतांच्या मनात राहिले नाहीत.

त्या सकाळी ते कप्तानला घेऊन मागच्या जिन्याने उतरले. राधाबाई दारात बसली होती. तिने रात्रीच्या भाकरीचा कडक पापुद्रा आणि बांगड्याचे डोके कप्तानपुढे ठेवले. कप्तानने शेपटी हलवली, तुकडा तोंडात घेतला आणि एकदम खाली टाकून मान आखडून मागे सरला.

“राधाबाई, ह्यात काय घातलंय?”

“बांगड्याचा तोंड, बाबा. कायम घालतंय, ताच.”

“मग तो खात का नाही? वर आमच्याकडे दूधभात खातो.”

तेवढ्यात पहिल्या पाळीला निघालेला दत्ताराम डबा घेऊन बाहेर आला. “काय झालं रे कप्तान? रुसलास काय?” म्हणत त्याने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात डाव्या गालाकडे जाताच कप्तान दात दाखवून गुरगुरला. दत्तारामने हात झटकन मागे घेतला.

“कुत्र्याला माणूस बरोबर कळतो,” श्यामकांत म्हणाले.

दत्तारामने त्यांच्याकडे रोखून पाहिले. “मालक, परवा नळाचं सांगायला वर आलो होतो. तुम्ही डब्यात दगड भरत होता.”

“मग?”

“काही नाही. आमच्या खोलीत सापडायला तर ठेवलेले नाहीत ना, एवढंच विचारतो.”

“चोराच्या मनात काय काय येतं!” श्यामकांतांच्या तोंडून निघून गेले. मग ते राधाबाईकडे वळले आणि अधिक सभ्य आवाजात म्हणाले, “आजपासून ह्याला काही घालत जाऊ नका.”

राधाबाईने बांगड्याचे डोके उचलून परातीत ठेवले. “विष घातलंय असा वाटता तुमका?”

श्यामकांत कप्तानला घेऊन जिन्याकडे वळले. ते ‘नाही’ म्हणू शकले असते.

त्याच संध्याकाळी ते चौकीवर गेले. फौजदार शिर्के यांच्याशी त्यांची तोंडओळख होती. शिर्क्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळे ऐकून घेतले.

“कुणावर संशय?”

नाव सांगायचे नाही, आधी नुसती हकीकत सांगायची, असे श्यामकांत घरून ठरवून निघाले होते. पण ते नाव इतके दिवस जिभेवर घोळत होते की बाहेर पडायला त्याला काही प्रयासच पडले नाहीत. “दत्ताराम परब.”

“अच्छा. परब!” शिर्के खुर्चीत सावरून बसले. “जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, मार दगडाचा आहे म्हणून. मग बघा.”

शनिवारी कचेरी अर्धा दिवस होती. श्यामकांत घरी आले, जेवले आणि कप्तानला साखळी लावून परळच्या जनावरांच्या इस्पितळाकडे निघाले. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत दगडांचा डबा.

इस्पितळातले डॉक्टर नाबर सडपातळ, चष्मेवाले आणि सावकाश बोलणारे गृहस्थ होते. श्यामकांतांनी आल्याआल्या सांगितले, “ही जखम दगडाच्या माराची आहे, एवढं लिहून हवंय.”

“आधी बघू तर द्या.” डॉक्टरांनी जखमेभोवतीचे केस कापले, बोटाने हाड चाचपले, मग वाकून वास घेतला. “ह्याचं तोंड शेवटचं कधी उघडून पाहिलंत?”

“तोंड? जखम डोळ्याखाली आहे, डॉक्टर.”

“म्हणूनच विचारतोय.”

त्यांनी अंगठ्याने कप्तानचा डावा ओठ वर उचलला. कुत्रा कण्हला, चाकराने त्याची मान धरून ठेवली. श्यामकांत वाकून पाहू लागले. दाढांवर हिरडीपर्यंत तपकिरी किटण साचले होते, हिरड्या लालभडक सुजल्या होत्या आणि वरच्या सर्वांत मोठ्या दाढेचा बाहेरचा टवका उडून आतला काळा ठिपका उघडा पडला होता. श्यामकांत ह्या कुत्र्याला दर रविवारी आंघोळ घालीत, त्याचा म्युनिसिपालटीचा बिल्ला वेळेवर नवा करीत, त्याच्या अंगावर एक गोचीड राहू देत नसत. त्याचा ओठ मात्र त्यांनी आठ वर्षांत कधी उचलला नव्हता.

“ह्या दाढेला तीन मुळ्या असतात,” डॉक्टर म्हणाले, “आणि त्या डोळ्याच्या अगदी खालपर्यंत जातात. दाढ तडकली, मुळाशी पू झाला. बाहेर पडायला त्याला ही डोळ्याखालची कातडी सापडली. वरून मलम लावाल तर खपली धरेल, पू साचला की पुन्हा फुटेल. लोक बहुतेक वेळा दुसऱ्या कुत्र्याने चावलं म्हणून आणतात. तुम्ही दगड म्हणता.”

“पण दाढ तडकली कशाने? दगड लागूनच ना?”

“बाहेरून दगड लागला असता तर ओठ फाटला असता, समोरचे दात गेले असते. हे काहीतरी कठीण चावून झालंय. नळीची हाडं घालता का?”

“नाही. घशात अडकेल म्हणून हाड आम्ही कधीच बंद केलंय.”

“चघळायला दुसरं काही?”

“काही नाही.”

“आणि हे दगड कुठे आहेत म्हणालात?”

श्यामकांतांनी डबा काढला आणि वकिलाने कोर्टापुढे पुरावा मांडावा तसे झाकण उघडून तो जमिनीवर ठेवला. खडखडाट होताच कप्तानचे कान उभे राहिले. साखळी ताणून तो डब्याशी आला, आत नाक घालून त्याने दगड हुंगले आणि आपलीच ठेवलेली वस्तू घ्यावी तसा त्यांतला एक अलगद तोंडात धरला. तो टेबलाखाली जाऊन बसला. दगड पुढच्या दोन पंजांत धरून, मान कलती करून, फक्त उजव्या बाजूने तो चघळू लागला. कर्र, कर्र.

हा आवाज श्यामकांतांच्या ओळखीचा होता. पहाटेच्या अर्धवट झोपेत ते तोच ऐकत आले होते आणि जात्याचा समजत आले होते. परसदाराबाहेरची खडी, उघडा राहणारा मागचा जिना, दगडांचा ओलसरपणा, त्यांचे माप हे सगळे एकापाठोपाठ एक त्यांच्या ध्यानात आले. दगड भिरकवायला नेमके नव्हते. कप्तानच्या जबड्यात मावायला नेमके होते.

“तुमचा साक्षीदार फुटला, साहेब,” डॉक्टर हसून म्हणाले. पण श्यामकांतांचा चेहरा पाहताच त्यांनी हसू आवरले. “म्हणजे काही कोर्टकचेरी आहे की काय?”

“नाही. अजून नाही,” श्यामकांत म्हणाले. “चिठ्ठी नको. दाढेचं काय करायचं ते करा.”

कप्तानला भूल देऊन दाढ काढली. ती तुकड्यातुकड्याने निघाली. डॉक्टरांनी सर्वांत मोठा तुकडा कापसात गुंडाळून श्यामकांतांच्या हातावर ठेवला. “कुत्रा उद्या न्या. आठवडाभर मऊ भात द्या. नंतर रोज बोटाला फडकं गुंडाळून, मिठाच्या पाण्यात बुडवून, त्याचे दात पुसत चला. राखुंडी, मशेरी काही लावू नका. आणि चघळायला जाड दोर द्या. त्याला काहीतरी हवंच असतं.”

“कुत्र्याचे दात रोज घासायचे?”

“तुम्ही तुमचे घासता ना?”

श्यामकांत घराकडे परतले ते भराभर पावले उचलत. चिठ्ठी नाही म्हणजे तक्रार नाही. चौकीवर तोंडी बोललो ते तिथेच विरून जाईल. कुणाला कळायचेही नाही. गल्लीत शिरताना त्यांना जवळजवळ हलके वाटत होते.

ओट्यावर राधाबाई बसली होती. सुमतीबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. असे त्या कधी खाली येऊन उभ्या राहत नसत.

“दत्ताराम पाळीवरून आला आणि हवालदार त्याला घेऊन गेले,” सुमतीबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, पण राधाबाईला ऐकू जाईल इतपतच, “तुम्ही नाव दिलं होतं?”

श्यामकांतांनी होकारार्थी मान हलवली.

राधाबाई रडत नव्हती. ती फक्त त्यांच्याकडे पाहत होती. “माझ्या झिलान काय केल्यान तुमचा, बाबा?”

श्यामकांत जिना चढलेच नाहीत. हातातल्या पिशवीसकट ते तसेच वळले.

शिर्क्यांनी सगळी हकीकत पुन्हा एकदा ऐकून घेतली. या खेपेस चहा मागवला नाही.

“म्हणजे कुत्राच रोज दगड आणून खातो.”

“खात नाही, चघळतो. ही बघा त्याची दाढ.”

शिर्क्यांनी कापसातला तुकडा पेन्सिलीने उलटा केला. “तळपदेसाहेब, ह्या तुकड्यावर मी माणूस सोडू?” मग ते पुढे झुकले. “खरं सांगा. खाली कुणी दम दिला का? घाबरू नका. तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही.”

“मला कुणीही दम दिलेला नाही.”

“परवा तुम्हाला खात्री होती. आज उलटी खात्री आहे. मधल्या वेळात त्याला आणला, आणि तासाभरात तुम्ही धावत आलात. मी काय समजायचं?”

श्यामकांतांनी दाढेचा तुकडा पुन्हा कापसात गुंडाळला. शिर्के जे करीत होते तेच आपण गेले महिनाभर करीत होतो, हे त्यांना दिसत होते: हाताला लागेल ती गोष्ट एकाच बाजूला रचत जाणे. खरे काय ते सांगितले की माणूस सुटेल असे ते धरून चालले होते. आता खरी गोष्टच सगळ्यांत लटकी वाटत होती.

“उद्या ह्यांची सभा आहे,” शिर्के म्हणाले. “दोन दिवस आत बसला तर कुणाचं काही बिघडत नाही.”

“त्याची नोकरी जाईल.”

“मग लिहून द्या. आपण दिलेली माहिती खोटी होती, पुरावा नसताना नाव घेतलं, असं स्पष्ट. पण एक सांगून ठेवतो, तुम्ही सरकारी नोकर आहात. असल्या कागदाची नक्कल तुमच्या साहेबांकडे जाऊ शकते. तिथे ते काय समजतील, समितीवाल्याला सोडवायला गेला होता की आणखी काही, ते मला सांगता येणार नाही.”

हरताळाच्या दिवशी सहा मैल चालून जी हजेरी राखली, तिच्यावर आता शाईचा डाग पडणार होता. वर्षभरात सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी व्हायची होती. श्यामकांतांनी कागद पुढे ओढला. कचेरीत त्यांच्या मसुद्यांची वाखाणणी होत असे. तसाच हाही त्यांनी सुबक, वळणदार अक्षरांत, एकही काट न मारता लिहिला. ‘चुकीची’ असा शब्द आधी सुचला होता. शिर्क्यांकडे न पाहताच त्यांनी ‘खोटी’ असा लिहिला आणि खाली सही केली.

दत्ताराम आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याच्या गिरणीच्या कपड्यांना अजून कापसाची कुसे चिकटलेली होती. दोघे गल्लीच्या दिशेने चालू लागले.

“आतून ऐकू येत होतं,” दत्ताराम म्हणाला. “दगड कप्तानच आणायचा?”

“हो.”

“आणि मी आईला सांगून ठेवलेलं, दार उघडं टाकून कुठं जाऊ नको, वरचे दगड आपल्या खोलीत येतील.”

“मला वाटत होतं—”

“तुम्हाला काय वाटत होतं ते कळलं, मालक. हवालदार आला तेव्हाच कळलं.”

श्यामकांतांना क्षमा मागायची होती. शब्द जुळवीपर्यंत गल्ली आली. दत्तारामने पिशवीकडे हात केला. “तो डबा द्या.” डबा घेऊन तो परसदाराकडे गेला आणि दगड त्याने खडीच्या ढिगावर ओतले. रिकामा डबा त्याने जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तान घरी आला. तोंड अजून जरा सुजलेले होते, पण डोळ्याखालची जागा कोरडी होती. फाटकातून शिरताच वर न जाता तो सवयीने राधाबाईच्या दाराशी जाऊन बसला. श्यामकांतांनी साखळी ओढली नाही. सैलही सोडली नाही.

राधाबाई थाळी घेऊन बाहेर आली. तिने तांदळाची ताजी भाकरी माशाच्या कढीत मऊ कुस्करली होती. कप्तानने जीभ बाहेर काढली. थाळी खाली ठेवता ठेवता तिने वर पाहिले. श्यामकांतांच्या हातातली साखळी थोडीशी, इंचभर असेल नसेल, घट्ट झाली होती. त्यांना ती घट्ट करायची नव्हती.

राधाबाईने ते पाहिले. तिने थाळीतला एक घास उचलला, आपल्या तोंडात घातला, श्यामकांतांच्या नजरेला नजर देऊन सावकाश चावला आणि गिळला. मग थाळी कुत्र्यापुढे सरकवली.

“घे रे बाबा, खा,” ती कप्तानला म्हणाली. “काय नाय तेच्यात.”